आखूड अँटेना, अरुंद बँडविड्थ

प्रश्न : गच्चीवर १० मीटरच जागा असल्याने ४० मीटर बँडचा डायपोल कॉइल लावून आखूड केला. ७.१ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर उत्तम, पण जरा सरकलं की लगेच चढतो. कॉइल बिघडली का?
— एक हॅम, सातारा

उत्तर : काळजी नको, कॉइल ठणठणीत आहे. या बँडचा पूर्ण डायपोल सुमारे २० मीटरचा. कमी पडलेल्या तारेची भरपाई कॉइल करते, अनुनादही जुळतो. पण अँटेना आखूड झाली की बँडविड्थ आक्रसतेच. तारेची टोकं खाली वळवून लांबी वाढवा आणि कॉइलचे वेढे कमी करा, पट्टा रुंदावेल. नाहीतर ट्यूनर वापरा. प्रक्षेपणाच्या वेळी टोकांवर मोठा व्होल्टेज असतो, ती हाताला लागणार नाहीत अशी बांधा. विजेच्या तारांपासून मात्र लांबच राहा.