क्षीण देहास अन्न देण्याचा क्रम

भुकेल्यास पोटभर जेवूं घालावें, हा आपल्या दानधर्माचा सर्वमान्य नियम आहे. दुष्काळ पडला म्हणजे दाते धान्याच्या गोण्या, तूप व गूळ पाठवितात, आणि पहिल्याच दिवशीं गोडाधोडाची पंगत उठावी अशी त्यांची इच्छा असते. ती इच्छा सद्भावनेची आहे, हें आम्ही जाणतों. तथापि जो मनुष्य कित्येक आठवडे अर्धपोटीं राहून अस्थिपंजर झाला, त्यास तीच पंगत प्राणघातक ठरूं शकते. यास्तव हा विषय आपणांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम, क्षीण कोणास म्हणावें? प्रौढ मनुष्याचें किलोग्रॅममधील वजन त्याच्या मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावें. भागाकार १८.५ हून कमी आल्यास वजन अपुरें, व १६ हून कमी आल्यास स्थिति गंभीर समजावी. १६० सेंटिमीटर उंचीच्या मनुष्यास हे आंकडे अनुक्रमें सुमारें ४७ व ४१ किलो होतात. सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११५ मिलिमीटरहून कमी भरल्यास तें तीव्र कुपोषित होय.

उपासमारींत देह आपली चरबी व स्नायु जाळून जगतो. फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम व ब-जीवनसत्त्वें यांचा सांठा रिता होतो. अशा वेळीं एकदम भरपूर भात वा साखर पोटांत गेली म्हणजे इन्सुलिन वाढतें, व रक्तांत उरलेले हे क्षार पेशींत ओढले जातात. रक्तांतील त्यांचें प्रमाण एकाएकीं घसरून हृदयाची गति बिघडते. १९४५ च्या एप्रिलांत जर्मनींतील बर्गन-बेल्सन ही बंदी-छावणी मुक्त झाली, तेव्हां सैनिकांनीं दयेनें दिलेलें जड अन्न खाऊन कित्येक बंदी दगावले.

म्हणून पहिला आठवडा प्राणरक्षणाचा समजावा. अतिक्षीण प्रौढास वैद्यांच्या देखरेखीखालीं दर किलो वजनामागें दिवसास सुमारें १० कॅलरींनीं आरंभ करून चार ते सात दिवसांत प्रमाण चढवीत न्यावें. तीव्र कुपोषित बालकास १०० मिलिलिटरमागें ७५ कॅलरींचें दुधाचें मिश्रण दर दोन-तीन तासांनीं, रात्रींही, देतात. भूक परतली व सूज उतरूं लागली म्हणजे १०० कॅलरींच्या मिश्रणावर आणतात. अंगावर सूज असल्यास वजन प्रथम घटतें. तें अपयश नव्हे. सांठलेलें पाणी उतरल्याचें तें सुचिन्ह होय.

पुढील काळ देह भरून काढण्याचा. येथें मात्र हात आंखडूं नये. १९४४-४५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अ‍ॅन्सेल कीज यांनीं ३६ स्वयंसेवकांवर अर्धपोटीं राहण्याचा प्रयोग केला. सहा महिन्यांत त्यांचें वजन सुमारें एक-चतुर्थांश घटलें. आणि तें पूर्ववत् होण्यास रोज सुमारें ४,००० कॅलरींचा आहार कित्येक महिने लागतो, असें आढळलें. यास्तव डाळ-तांदळाची खिचडी, तेल, शेंगदाणे, गूळ, दूध, अंडीं व पालेभाजी दिवसांतून पांच-सहा वेळां द्यावी. केवळ साखर-तुपानें चरबी चढते. डाळ, दूध, अंडीं व झेपेल तितकी हालचाल यांनीं स्नायु भरतात.

सारांश, पाऊस पडला म्हणजे दुष्काळ सरला, असें नाहीं. पीक घरांत आलें तरी देह रिताच असतो. दात्यांस आमची नम्र विनंति कीं, एका दिवसाच्या पंगतीचा खर्च तीन महिन्यांवर वांटून द्यावा. धान्याबरोबर डाळ, तेल, शेंगदाणे व दुधाची भुकटी पाठवावी, आणि प्रत्येक अन्नछत्रास एक वजनकांटा द्यावा. दान किती दिलें हें वहींत दिसतें. तें अंगीं किती लागलें हें कांट्यावरच कळतें.