ओढाल तितके घट्ट!

दिवाळी होऊन गेली की इंदापूर तालुक्यातील वरकुट्याच्या माळावर एक फेरी मारून पाहा. वरकुटे लांब पडत असेल, तर तुमच्या गावचा माळही चालेल. पावसाळ्यात वाढलेले गवत आता वाळलेले असते. अर्धा तास हिंडलात की कपड्यांवर बिनबोलावलेले पाहुणे जमतात : गवताची कुसळे, आघाड्याची फळे, ओढ्याकाठच्या लांडग्याची काटेरी फळे. ‘बिया चिकटल्या’ असे आपण म्हणतो. पण या फळांना हात लावून पाहा. डिंकासारखे चिकट त्यांवर काहीच नाही. ती चिकटलेली नाहीत, अडकलेली आहेत. हे अडकणे घडते ते वाकलेल्या किंवा मागे वळलेल्या टोकामुळे, म्हणजेच आकड्यामुळे. (गणितातले आकडे वेगळे बरे का!)

आकडा काय करतो?

सुई कापडात सरळ जाते आणि तशीच सरळ बाहेर येते. आता तिचे टोक मागे वळले आहे अशी कल्पना करा. बाहेर ओढताच ते टोक धाग्याला पकडते. आणखी जोर लावाल, तर धागा आकड्याच्या पोटात अधिकच खोल जाऊन बसतो. सुईच्या बाबतीत जे बल सुटका करते, तेच बल इथे पकड घट्ट करते. सुटका हवी असेल तर ओढणे थांबवून आकडा थोडा मागे ढकलावा लागतो. आकड्याचे सारे शास्त्र या एका गोष्टीत आहे.

माळावरचे आकडे

लांडग्याचे फळ भिंगाखाली धरा. या झुडपाला शंकेश्वर आणि काही ठिकाणी गोखरू असेही म्हणतात. दीड-दोन सेंटिमीटर लांबीच्या या फळावर सर्व बाजूंनी काटे असतात आणि प्रत्येक काट्याचे टोक आकड्यासारखे वळलेले असते. फळ कसेही पडले, तरी काही आकडे वरच्या बाजूला राहतातच. शेजारून मेंढी गेली की लोकरीत ते अडकलेच!

कुसळाची तऱ्हा थोडी वेगळी. त्याच्या अणकुचीदार टोकावर ताठ केस असतात आणि ते सगळे मागे झुकलेले असतात. मागची लांब शेपटी दमट हवेत पीळ सोडते आणि कोरड्या हवेत पुन्हा पीळ घेते. या हालचालीने टोक जमिनीत पुढे सरकते. मागे यावे तर केस अडवतात. असे ते बी स्वतःला पेरून घेते. मात्र जमिनीऐवजी मेंढीची कातडी मिळाली, तर ते तिच्यातही असेच शिरते.

बोरीच्या फांदीवरही नजर टाका. पानाच्या बुडाशी बहुधा दोन काटे दिसतील : एक सरळ, दुसरा वळलेला. बोरे काढायला हात आत घातला की सरळ काटा टोचतो. घाबरून हात मागे घेतला की वळलेला काटा बाही धरतो.

विंचू किंवा वाघनखी या झुडपाचे वाळलेले फळ मिळाले तर जपून ठेवा. त्याला दोन टणक नखे असतात. ही वनस्पती मूळची मेक्सिकोकडची. आपल्या माळावर ती आता घरच्यासारखी वाढते.

प्राण्यांचे आकडे

कबुतराचे गळलेले पीस घ्या आणि त्याची एक कड बोटाने फाडा. आता तेच पीस दोन बोटांच्या चिमटीत धरून बुडाकडून टोकाकडे हलकेच सरकवा. फट नाहीशी होते! पिसाच्या बारीक तंतूंना त्याहूनही बारीक उपतंतू असतात आणि त्यांवरील अतिसूक्ष्म आकडे शेजारच्या उपतंतूंत अडकतात. पक्षी चोचीने पिसे विंचरतो, तेव्हा तो सुटलेले आकडे पुन्हा लावत असतो.

मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, पण उडताना त्या दोन पंखांसारख्या चालतात. मागच्या पंखाच्या कडेवर सुमारे 20 लहान आकड्यांची रांग असते. ती पुढच्या पंखाच्या घडीत अडकते. तिच्या नांगीलाही मागे वळलेले दाते असतात. म्हणूनच आपल्याला डंख मारल्यावर नांगी कातडीतच राहते आणि माशी मरते.

माणसाने केलेले आकडे

मासे धरण्याचा गळ हे फार जुने साधन आहे. जपानमधील ओकिनावा बेटावरच्या एका गुहेत समुद्री गोगलगाईच्या शंखापासून केलेले, सुमारे 23,000 वर्षांपूर्वीचे गळ सापडले आहेत. आज उजनीच्या पाण्यात टाकला जाणारा गळ पोलादी असतो, पण आकार तोच. त्याच्या टोकाच्या आत आणखी एक उलटा काटा असतो. म्हणून गळ बोटात रुतला तर तो ओढून काढू नका, डॉक्टरांकडे जा.

शेळ्या राखणाऱ्याच्या खांद्यावरची आकडी हाही आकडाच. तिने बाभळीची उंच डहाळी खाली ओढता येते. दातेरी विळ्याचे दाते मुठीकडे झुकलेले असतात, कारण विळा ओढताना कापतो.

साखर कारखान्यातल्या क्रेनचा आकडा नीट पाहा. त्याच्या पोटाचा तळ बरोबर वरच्या दांडीच्या रेषेत असतो, त्यामुळे उसाची मोळी तिरकी न होता सरळ लोंबते. वजनाने आकडा उघडू पाहतो, तेव्हा सर्वांत जास्त ताण त्याच्या आतल्या बाजूवर येतो. म्हणून मोठ्या आकड्याचा छेद आतल्या बाजूला अधिक रुंद ठेवतात. धातूही असा निवडतात की जास्त भार पडला तर आकडा एकदम तुटण्याआधी वाकून इशारा देईल.

स्वित्झर्लंडचे अभियंते जॉर्ज द मेस्त्राल 1941 साली शिकारीहून परतले, तेव्हा त्यांच्या कपड्यांवर आणि कुत्र्याच्या अंगावर एका झुडपाची काटेरी फळे अडकली होती. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना वळलेली टोके दिसली. पुढे अनेक वर्षे खटपट करून त्यांनी नायलॉनच्या कड्या विणल्या, उष्णतेने त्यांचा आकार पक्का केला आणि प्रत्येक कडी एका बाजूला कापून तिचा आकडा केला. 1955 साली त्यांना या शोधाचे पेटंट मिळाले. ‘वेल्क्रो’ हे नाव मखमल आणि आकडा या अर्थाच्या दोन फ्रेंच शब्दांच्या आरंभीची अक्षरे जोडून झाले आहे. त्यातला आकड्याचा शब्द तुमच्या घरातही आहे : क्रोशाच्या सुईतला ‘क्रोशा’ तो हाच!

करून पाहा

सँडलची वेल्क्रोची पट्टी लावा आणि ती सपाट ठेवून बाजूला ओढा. निघत नाही. आता एक कोपरा धरून वर उचला. चर्र आवाज करीत ती सहज निघते. पहिल्या वेळी सगळे आकडे मिळून जोर सोसतात. दुसऱ्या वेळी एका वेळेस एकच रांग सुटते. मग लांडग्याचे एकेक फळ घोंगडीवर, सुती कापडावर आणि प्लॅस्टिकच्या कागदावर दाबून प्रत्येक वेळी किती जोर लावावा लागतो ते ताणकाट्याने मोजा. आकडा एकटा काही करू शकत नाही, त्याला धागा लागतो, हे तुमच्या लक्षात येईल.

आकड्याची किंमत कोण मोजते?

मेंढपाळांचे कळप मुक्काम हलवतात, तेव्हा लोकरीत अडकलेले बीही त्यांच्याबरोबर फुकट प्रवास करते. फळांनी गुंतलेली लोकर साफ करायला वेळ जातो आणि तिचा कस उतरतो. लांडग्याच्या प्रत्येक फळात दोन बिया असतात. बहुधा एक आधी उगवते आणि दुसरी मागे राहते. त्यामुळे यंदा शेत निंदले तरी पुढे पुन्हा रोप दिसते. त्याची कोवळी, दोन दलांची रोपे गुरांना विषारी असतात. यावर उपाय सोपा, पण वेळेवर करायला हवा : फळ धरण्यापूर्वी झुडूप मुळासकट उपटा.

आणि कपड्यांवर आलेली फळे झटकून रस्त्यावर टाकू नका. वेल्क्रोसारखी एका कडेने सोडवा, मोजा आणि चुलीत घाला. दर फळामागे दोन बियांचा प्रवास तिथेच थांबेल.