नदीनाल्यांकाठचे वनस्पती-समुदाय : प्रबळ वनस्पतीवरून ओळख आणि नामकरण

७.१ प्रास्ताविक

आमराई, बोरबन, बाभूळबन, शिंदबन हे शब्द तुमच्या परिचयाचे आहेत. आमराईत केवळ आंबाच असतो असे नाही. तेथे एखादे जांभळाचे झाड असते, बांधावर करवंदीची जाळी असते, खाली गवत असते. तरीही आपण तिला आमराई म्हणतो, कारण तेथली सावली आंब्याची असते. जी वनस्पती सर्वांत अधिक जागा व्यापते आणि म्हणून इतरांना मिळणारा प्रकाश व ओलावा ठरविते, तिला प्रबळ वनस्पती म्हणतात. तिच्यावरून समुदायाला नाव देण्याची रीत आपल्या भाषेत शास्त्राच्या आधीपासून आहे. लॅटिन भाषेत ओक वृक्षांच्या राईला ‘क्वेर्केटम’ म्हणत. युरोपातील अभ्यासकांनी वनस्पती-समुदायांची शास्त्रीय नावे घडविताना हाच ‘-एटम’ प्रत्यय स्वीकारला.

या घटकात हीच रीत आपण नागपूर परिसरातील नदीनाल्यांच्या काठाला लावून पाहणार आहोत.

७.२ काठ वेगळा का?

एप्रिल महिन्यात पेंचच्या जंगलातील एखाद्या टेकडीवरून खाली पाहा. साग निष्पर्ण उभा असतो, सारे रान करड्या रंगाचे दिसते. त्यातून एक हिरवी रेघ वळणे घेत जाते. ती रेघ म्हणजे नाला. पात्रात पाणी दिसत नसले, तरी वाळूखालचा ओलावा झाडांच्या मुळांना पोहोचत असतो. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये भारतातील वनप्रकारांचे जे सुधारित वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात नदीकाठच्या अशा झालरवजा वनांना स्वतंत्र प्रकार मानले आहे.

या झालरीत अर्जुन, जांभूळ, उंबर आणि करंज प्रामुख्याने आढळतात. अर्जुनाची साल गुळगुळीत, करड्या-गुलाबी छटेची असून तिचे पातळ पापुद्रे निघतात. फळाला पाच पंख असतात. फुले-फळे नसताना पानाच्या देठाजवळील दोन बारीक ग्रंथी पाहाव्यात. जांभळाच्या पानात कडेला समांतर जाणारी शीर दिसते. उंबराची फळे खोडालाच लगडतात. करंजाच्या संयुक्त पानात बहुधा पाच ते सात पर्णिका असतात आणि चपट्या शेंगेत सहसा एकच बी असते. या झाडांखाली निर्गुडी असते. तिचे पान चुरगाळल्यावर येणारा उग्र वास एकदा ओळखीचा झाला की पुन्हा चूक होत नाही.

७.३ समुदाय कसा ठरवावा?

काठावर उभे राहून ‘येथे अर्जुन आहे’ असे म्हणणे म्हणजे वर्गीकरण नव्हे. पाण्याच्या कडेपासून काठाच्या माथ्यापर्यंत चालत जा. ओलावा बदलतो तशी वनस्पतीही बदलते. म्हणून प्रवाहाला समांतर असे पट्टे कल्पून प्रत्येक पट्ट्याची नोंद स्वतंत्र करावी. प्रत्येक पट्ट्यात वृक्ष, झुडपे आणि गवत-शाकीय वनस्पती असे तीन स्तर पाहावेत आणि प्रत्येक जातीच्या पालवीने जमिनीचा किती भाग झाकला आहे, याचा शेकड्यात अंदाज घ्यावा. खोडे मोजून भागत नाही. एक जुना अर्जुन जेवढी जागा झाकतो, तेवढी निर्गुडीची वीस झुडपेही कदाचित झाकणार नाहीत.

यानंतरचा प्रश्न असा की, कोणत्या स्तरावरून समुदायाचा वर्ग ठरवावा? अमेरिकेत १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाणथळ जागांच्या वर्गीकरणातील नियम येथे उपयोगी पडतो : किमान ३० टक्के आच्छादन असलेला सर्वांत वरचा स्तर वर्ग ठरवितो. समजा, एका पट्ट्यात अर्जुन ४५ टक्के, निर्गुडी ३० टक्के आणि गवत ५० टक्के आहे. गवताचा आकडा सर्वांत मोठा असला, तरी हा वृक्ष-समुदाय होय. त्याला ‘अर्जुन–निर्गुडी समुदाय’ म्हणावे. दुसऱ्या पट्ट्यात बाभूळ १० टक्के आणि बेशरम ६० टक्के आहे. दुरून बाभळीच डोळ्यांत भरतात. परंतु समुदाय बेशरमीचा, म्हणजे झुडपांचा आहे. विद्यार्थ्यांची सर्वाधिक चूक येथेच होते.

७.४ नागनदीचा काठ

नागनदी शहराच्या पश्चिमेस लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावातून शहरात येते आणि पुढे तिचे पाणी कन्हानला जाऊन मिळते. शहरातील तिच्या काठावर पेंचच्या झालरीचा मागमूस क्वचितच लागतो. संथ, सांडपाण्याने पोसलेल्या भागात पाणकणीस उभे राहते. पृष्ठभागावर जलपर्णी पसरते. ती तरंगती असल्याने वाऱ्या-प्रवाहाबरोबर जागा बदलते, म्हणून तिची नोंद तारखेसह करावी. चिखलाच्या काठावर बेशरम असते. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील ही वनस्पती कुंपणासाठी लावली गेली. जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, आणि चिखलात पडलेला तिचा तुकडा मूळ धरतो. नाव अगदी चपखल आहे.

हे दोन्ही काठ ‘हिरवे’ आहेत आणि अडचण याच शब्दात आहे. पावसाळ्यापूर्वी पात्रातील गाळ व झाडोरा यंत्राने काढताना बेशरम काढावी, हे बरोबरच. पण करंजाच्या मुळांनी धरून ठेवलेला काठ त्याच सपाट्यात खरवडला गेला, तर माती पुढच्या पुरात वाहून जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हापासून पात्र मोकळे करण्याची मागणी स्वाभाविकपणे वाढली आहे. म्हणूनच काय काढावे आणि काय ठेवावे, हे सांगू शकणारी पट्टेवार नोंद आधी हवी.

७.५ नावाचे मोल

विदर्भात हे निराळे सांगावयास नको. ‘झुडपी जंगल’ ही पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांच्या महसुली दप्तरातील नोंद मुळात जमिनीवरील खुरट्या वाढीचे वर्णन होते. त्या दोन शब्दांचा अर्थ काय, ती जमीन वन आहे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने ती वनजमीन ठरविली. असंख्य घरे, शेते आणि शाळा यांचे भवितव्य एका वनस्पतिवाचक विशेषणाशी बांधले गेले होते.

स्वयं-अध्ययन

आपल्या गावाजवळील नाल्याचा सुमारे पन्नास पावले लांबीचा काठ निवडा. ऑक्टोबरमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा, वर सांगितल्याप्रमाणे पट्टेवार नोंद करा. दोन्ही वेळी समुदायाचे नाव एकच येते का? येत नसल्यास कोणत्या स्तरामुळे बदलले ते लिहा. त्या वनस्पतींना गावात जी नावे आहेत तीच प्रथम लिहावीत. ग्रंथातील नाव नंतर शोधता येते.