लूणीकाठची वाळू आणि गवत

वाळूची जमीन म्हटली की नापीक, पाणी न धरणारी आणि वाऱ्याबरोबर उडून जाणारी जमीन सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहते. जेथे पाऊस मुबलक पडतो अशा प्रदेशांपुरते हे मत फारसे चुकीचे नाही. परंतु जेथे पाऊस बेताचा, ऊन कडक आणि लोकांचा भरवसा पिकाहून गवतावर अधिक, तेथे वाळूच्या गुणदोषांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. असा हिशेब मांडण्यास मारवाडमधील लूणी नदीच्या खोऱ्याइतके सोयीचे क्षेत्र दुसरे क्वचितच सापडेल.

लूणी अजमेरजवळ अरवली पर्वतात उगम पावते आणि नैर्ऋत्येकडे सुमारे ५०० किलोमीटर वाहत जाऊन कच्छच्या रणात लुप्त होते. बांडी, सूकडी, जवाई इत्यादी तिच्या बहुतेक उपनद्या अरवलीतूनच येतात. जोजरी मात्र उजव्या बाजूने येऊन मिळते. ‘नदी’ हा शब्द येथे जरा सैलपणेच वापरावा लागतो. वर्षातील बहुतेक काळ लूणीचे पात्र म्हणजे वाळूचा एक रुंद पट्टा असतो. पावसाळ्यातील मोजके दिवस तिला पाणी येते आणि एखाद्या वर्षी ते अनावर होऊन येते. जुलै १९७९ मधील महापुराने हे रूप साऱ्या मारवाडला दाखविले.

ह्या पुरांनीच काठची जमीन घडविली आहे. अरवलीतील ग्रॅनाइट, शिस्ट इत्यादी खडकांची झीज होऊन निघालेली वाळू व गाळ पुराबरोबर खाली येतात. पाणी काठ ओलांडून पसरले की त्याचा वेग मंदावतो. जाड वाळू पात्रालगतच टाकली जाते, बारीक वाळू काहीशी दूर जाते आणि अत्यंत बारीक चिकणमाती सखल भागात पाणी थांबेल तेथे हळूहळू बसते. पुढच्या पुरात प्रवाहाने वाट थोडी बदलली की काल जेथे चिकणमाती साचली तेथे आज वाळू पडते. शिवाय चैत्र-वैशाखात वारा सुटतो तो कोरड्या पात्रातील वाळू उचलून काठावर नेऊन टाकतो. म्हणून येथील जमिनीत खड्डा खणून पाहिला तर एकावर एक ठेवलेल्या असमान थरांची चळतच दृष्टीस पडते. वर हातभर वाळू, खाली चार बोटे चिकणमाती, पुन्हा वाळू आणि त्याखाली चुनखडीच्या खड्यांचा, म्हणजे कंकराचा, कठीण थर. दोनशे पावलांवर दुसरा खड्डा खणावा, तर क्रम निराळाच निघतो.

वरच्या थरात चिकणमातीचे प्रमाण पुष्कळदा शेकडा १० हूनही कमी असते. सेंद्रिय द्रव्य तर फारच थोडे, कारण उष्णतेमुळे पालापाचोळा मातीत मुरण्याआधीच जळून गेल्यासारखा नाहीसा होतो. साहजिकच नत्राची उणीव ही ह्या मातीची जन्मजात खोड होय. स्फुरदही बेताचेच. पालाशाची स्थिती मात्र बरी असते, कारण वाळूत अभ्रक व फेल्स्पार ह्या खनिजांचे न झिजलेले कण मिसळलेले असतात आणि त्यांतून पालाश सावकाश सुटत राहते. मातीची प्रतिक्रिया किंचित अल्कधर्मी असते.

आता पाण्याकडे वळू. प्रयोगशाळेत पाहिले तर वाळूची पाणी धरून ठेवण्याची शक्ती काळ्या भारी मातीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकीच भरते. एवढ्यावरून निष्कर्ष काढणारा मनुष्य वाळूला दरिद्री ठरवील. प्रत्यक्ष शेतात काय घडते ते पाहावे. समजा, एका सरीत २५ मिलिमीटर पाऊस पडला. भारी चिकणमाती आपल्या आकारमानाच्या एक तृतीयांशाहून अधिक पाणी धरू शकते. म्हणून हा पाऊस तिच्या वरच्या सात-आठ सेंटिमीटरांतच अडकून राहतो आणि मागाहून पडलेले ऊन त्यातील बराचसा भाग परत घेऊन जाते. वाळूसर जमीन दहाव्या हिश्शाइतकेच पाणी धरते, त्यामुळे तोच पाऊस सुमारे २५ सेंटिमीटर खोल उतरतो. पुढे वाळूचा वरचा वीतभर थर झपाट्याने वाळतो, कणांमधील पाण्याची सलग साखळी तुटते आणि खालची ओल वर चढण्याचा मार्गच बंद होतो. कोरडी वाळू जणू खालच्या ओलीवर पांघरूण घालते. जेथे हवेची पाणी शोषून घेण्याची क्षमता वर्षाच्या पावसाच्या चौपटीहूनही अधिक आहे, तेथे ह्या पांघरुणाचे मोल काय असेल हे सांगावयास नको. जो दोष पावसाळी प्रदेशात वाळूला मारक ठरतो, तोच येथे तारक होतो.

ह्या ओलीचा उपयोग करून घेण्यात गवतांचा हात धरणारे कोणी नाही. धामण हे ह्या भागातील मुख्य गवत. त्याच्या मुळांचा झुपका वाळूसर पोयट्यात खोलवर जातो, पावसाळ्याच्या पहिल्या सरींनी ते हिरवे होते आणि वाळल्यावरही त्याचे बुंधे जमीन धरून ठेवतात. जेथे चिकणमातीचे प्रमाण वाढते व पाणी थोडे थांबते, तेथे धामणीची जागा करड घेते. महाराष्ट्रात ह्याच गवताला मारवेल म्हणतात. क्षार वाढले की ही दोन्ही मागे हटतात आणि खारिया गवत व लाणा ह्यांसारख्या वनस्पती पुढे सरसावतात. जाणता पशुपालक गवताकडे पाहूनच जमीन ओळखतो. मृदाशास्त्रज्ञाला त्यासाठी खड्डा खणावा लागतो, एवढाच काय तो फरक.

वाळूच्या बाजूने इतके बोलल्यावर तिचा एक खोडसाळपणाही सांगितला पाहिजे. बारीक वाळूवर जोराची सर आपटली की पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरतो आणि ऊन पडताच तो कडक होतो. बाजरीचा नाजूक कोंभ त्याच्याखाली अडकून पडतो व कित्येकदा पेरणी दुसऱ्यांदा करावी लागते.

पाण्याखालोखाल प्रश्न मिठाचा. लूणी हे नावच लवणावरून आले आहे. बालोत्र्यापर्यंत नदीचे पाणी बहुधा गोडे असते, त्यापुढे ते अधिकाधिक खारट होत जाते. जवळच पचपदरा येथे पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकविले जात आले आहे. काठच्या विहिरींतही वर पुराचे गोडे पाणी आणि खाली जुने खारे पाणी असे दोन थर असू शकतात. उपसा हलका असेपर्यंत वरचे पाणी मिळते, पंपाने जोराचा उपसा केला की खालचे वर येते.

अशा पाण्यावर शेती करण्याची पाली जिल्ह्यातील रीत लक्षात घेण्याजोगी आहे. तेथील शेतकरी रब्बीत खाऱ्या पाण्यावर ‘खारचिया’ नावाचा गहू घेतात आणि पुढचा पावसाळा ते शेत पडीक ठेवतात. पावसाचे पाणी वाळूसर मातीतून सहज निथळते व साचलेले क्षार मुळांच्या थराखाली वाहून नेते. निचऱ्याच्या ह्या गुणावरच सारी रीत उभी आहे. भारी मातीत हा प्रयोग दोन-चार वर्षांतच शेत गमावून बसण्यास पुरेसा होईल. खारचिया गव्हाची क्षार सोसण्याची शक्ती पुढे गव्हाच्या पैदासकारांनी भारताबाहेरही उपयोगात आणली. नदीच्या खालच्या भागात पुराच्या पसरलेल्या पाण्याला ‘रेल’ म्हणत. रेल ओसरल्यावर भिजलेल्या जमिनीत गहू व जव घेतले जात. जो पूर एका गावाचे शेत वाळूखाली गाडतो, तोच दुसऱ्या गावाला रब्बी देऊन जातो.

निचऱ्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात वर्षभराच्या सरासरीहून अधिक पाऊस काही दिवसांत कोसळला. कवास व आसपासची गावे पाण्याखाली गेली, माणसे दगावली, हजारो जनावरे मेली. वाळवंटातील पाणी दोन दिवसांत मुरून जाईल अशी कोणाचीही समजूत झाली असती. पण पाणी महिनोन्‌महिने हटले नाही. कवासच्या वाळूखाली जिप्समचा थर आहे आणि त्याने पाण्याची खाली जाणारी वाट अडवून धरली. वर पाहता तेथील वाळू इतर वाळूसारखीच होती.

जमिनीचा वापर ठरविताना वरच्या वीतभर मातीचाच नमुना घेण्याची पद्धत येथे का अपुरी पडते, हे ह्यावरून कळून येईल. जोधपूर येथे १९५९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने पश्चिम राजस्थानातील माती, गवते व वाऱ्याने होणारी धूप ह्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. वाळूचे कण एकमेकांना चिकटून राहत नाहीत. त्यांना बांधून ठेवण्याचे काम मुळे व थोडेसे सेंद्रिय द्रव्य करीत असते. ट्रॅक्टरच्या तव्यांच्या नांगराने जमीन उलटली की ही बांधणी सुटते आणि ज्येष्ठातील आंधीबरोबर सर्वांत बारीक, म्हणजे सर्वांत कसदार, कण प्रथम उडतात. मागे उरते ती जाड वाळू, आणि तिच्यात मघाशी सांगितलेला दहावा हिस्साही पाणी राहत नाही.

गावाची सामाईक चराऊ जमीन, जिला येथे ‘गोचर’ व आपल्याकडे गायरान म्हणतात, आणि देवाच्या नावाने राखलेली ‘ओरण’, ह्यांवर नांगराचे व वेड्या बाभळीचे आक्रमण सर्वत्र दिसते. जेथे ती कुंपण घालून दोन-तीन पावसाळे राखली गेली, तेथे धामण बहुधा आपली आपण परत येते. बी वाळूत पडून असते आणि ओलही. जेथे वरचा थर उडून कंकर उघडा पडला आहे, तेथे मात्र बी पेरूनही गवत धरीत नाही, कारण मुळांना खाली उतरावयास जागाच उरलेली नसते.