सोसायटीचा कॉम्प्युटर हाती घेताना

पोरी, उद्यापासून दिंडोशीतल्या आपल्या सोसायटीचं ऑफिस तू बघणार. कॉम्प्युटर, राउटर, गेटवरचे कॅमेरे सगळं तुझ्याकडे. किल्ल्या देण्याआधी चार गोष्टी कानावर घालतो.

प्रोग्राममध्ये असं एखादं भोक असतं की बनवणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो. दुरुस्तीला त्याला एकही दिवस मिळालेला नसतो, म्हणून त्याला ‘झीरो-डे’ म्हणतात. ज्या चोराला ते सापडतं तो गप्प बसतो. वापरतो नाहीतर विकतो. २०१९ साली व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमध्ये असं भोक होतं. नुसता कॉल यायचा, उचलायचीही गरज नाही, की पेगासस नावाचा हेर प्रोग्राम फोनमध्ये. जगात सुमारे १,४०० जणांवर तो प्रयोग झाला. नागपूरचे वकील निहालसिंग राठोड त्यांतले एक. अनोळखी लिंक उघडू नकोस हा सल्ला तिथे काय कामाचा? उघडायला काही नव्हतंच.

पण आपल्यासारख्यांना गाठतं ते बहुधा जुनं, जाहीर झालेलं भोक. कंपनीने दुरुस्ती पाठवली की चोर जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून बघतात. जिथे बदल, तिथे भोक. म्हणजे अपडेट येतं त्या दिवशी चोरालाही पत्ता कळतो. ‘नंतर आठवण करा’ हे बटण तू दाबायचं नाहीस.

विंडोजमधलं असंच एक भोक अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने स्वतःजवळ दडवून ठेवलं होतं. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती १४ मार्च २०१७ला आली, एप्रिलमध्ये त्या भोकावरचं एनएसएचं हत्यार चोरीला जाऊन जाहीर झालं, १२ मे रोजी त्याच भोकातून पसरणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसने जग हादरवलं. तरी लोक हलले नाहीत. २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि इथे न्हावाशेव्यात जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल ठप्प झालं. नॉटपेट्या मुळात शिरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमधून. हे सांगून कुणी म्हणेल, मग अपडेट नकोच, ऐकू नकोस. पुढे तो पसरला त्या जुन्या भोकातून आणि एका मशीनमधून उचललेल्या पासवर्डवर. त्या पासवर्डने तो दुरुस्त केलेल्या मशीनमध्येही घुसला. म्हणून अ‍ॅडमिनच्या खात्यातून रोजचं काम करायचं नाही. मेंटेनन्सच्या पावत्या साध्या खात्यातून कर.

मर्स्कला ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या नेटवर्कच्या नोंदींची एकच प्रत वाचली, घानाच्या ऑफिसात, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि ते मशीन नेटवर्कपासून तुटलं होतं. हे मी कधी विसरत नाही. आपली सभासद यादी आणि हिशेब दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर घे आणि वायर काढ. जोडून ठेवलेल्या डिस्कला मी प्रत मानत नाही.

कॅमेऱ्यांचं चित्र मोबाइलवर बाहेरून बघायची सोय मी बंद ठेवली आहे. सभासद आग्रह धरतील, तरी उघडू नकोस. न दिसणाऱ्या भोकावर आपल्या हाती एवढाच उपाय आहे, दारं कमी ठेवणं. राउटरला कंपनीकडून अपडेट यायचं बंद झालं, तर नवा घे. तो खर्च मीटिंगमध्ये मी मांडीन. फोन रोज एकदा बंद करून चालू कर, असले बरेच हेर पुन्हा सुरू झालेल्या फोनमध्ये टिकत नाहीत. तुला स्वतःला कुठे भोक दिसलं तर ग्रुपवर टाकू नकोस, कंपनीला आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळव. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर तत्काळ १९३० या हेल्पलाइनला फोन कर.

डिस्क लोखंडी कपाटात वरच्या खणात आहे. राउटरचं अपडेट आज बघूनच घरी जा.