स्कूटी घरी ठेव, आधी अंगण बघ

चि. सोनूस,


तुझा फोन मध्येच तुटला. तलासरीच्या आत गेलं की रेंजचं हे असंच, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. तुझा बोका गोट्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांना बिचकून खिडकीतून पळाला आणि तू सकाळपासून स्कूटीवर हाका मारत पार हायवेपर्यंत गेलीस, एवढं मला कळलं. उद्यापासून स्कूटी घरी ठेव.

गोट्या डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर वाढलेला. तुझी बदली झाली म्हणून आरोग्य उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये आला, त्याला महिनासुद्धा झाला नाही. असं मांजर घाबरलं की लांब जात नाही. पहिला अंधारा कोपरा गाठतं आणि तिथेच दबून बसतं. तू हाक मारलीस तरी ओ देणार नाही. तुझा आवाज तो ओळखतो गं, पण तोंडातून आवाज निघाला तर आपला पत्ता लागेल ही त्याची भीती त्याहून मोठी असते. तेव्हा 'हाक मारली, नव्हता' यावरून 'तिथे नव्हता' असं समजू नकोस. २०१८ साली एक अभ्यास छापून आला होता, बाराशेवर हरवलेल्या मांजरांच्या मालकांना विचारून केलेला. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मांजरं पळाल्या जागेपासून पाचशे मीटरच्या आतच मिळाली होती. हरवलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश पहिल्या आठवड्यात सापडली, आणि तीन महिन्यांनंतर जिवंत सापडलेली फार थोडी. ज्यांनी स्वतः फिरून शोधलं त्यांच्या हाती जास्त लागली. म्हणून हा आठवडा महत्त्वाचा आणि क्वार्टरभोवतीची जागा महत्त्वाची.

कसं बघायचं ते नीट वाच. उभं राहून बघू नकोस, जमिनीला गाल लावून बघ. बॅटरी छातीशी न धरता डोळ्यांच्या रेषेत, कानशिलाजवळ धर. तसं धरलं तरच मांजराच्या डोळ्यांची हिरवट-पिवळी चमक उलटून तुझ्या डोळ्यांत येते. चमक दिसली की प्रकाश लगेच बाजूला कर आणि खाली बस. आधी क्वार्टरच्या पायऱ्यांखाली, पाण्याच्या टाकीमागे, पन्हळीत बघ. मग शेजारची घरं. तुमच्याकडे अजून कुडाच्या भिंती आहेत, वर माळा आहे, माळ्यावर टोपल्या नि सरपण. मांजराला याहून चांगली जागा कोण देणार? मालकिणीला विचारून माळा बघ, स्वतः चढू नकोस, घरातल्या पोराला चढव. कापणी झालीय, म्हणजे खळ्यावर भाताच्या उडव्या रचलेल्या असतील. उडवीच्या बुडाशी चारी बाजूंनी बघ, पण हात घालायच्या आधी काठी घाल. उंदरांमागे घोणस नि नाग तिथेच येतात. बिनकठड्याची विहीर असेल तर आत प्रकाश टाकून बघच. भूकंपाच्या धक्क्यांनी तडे गेलेली एखादी पडकी भिंत दिसली तर तिच्या आत एकटीने शिरायचं नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीकडची जमीन अधूनमधून हलते आहे, हे तुला ठाऊक आहे.

जवळपास गवताची वखार आहे का? असेल तर तिथल्या मुकादमाला आजच सांगून ये. या दिवसांत गवत कापून गाठी बांधायचं काम जोरात असतं आणि गाठींच्या फटीत झोपलेलं मांजर ट्रकबरोबर जाऊ शकतं. (१९४५ साली याच गवताच्या कापणीच्या मजुरीवरून गोदावरी परुळेकरांबरोबर वारली मजूर उभे राहिले होते. तुझ्या उपकेंद्रात येणाऱ्या म्हाताऱ्यांना विचार कधी, त्यांच्या आईबापांच्या गोष्टी निघतील. असो.)

शोधायची वेळ पहाटेची आणि दिवेलागणीनंतरची. पाड्यावरचा गोंगाट थांबला की मांजर हलतं. दाराशी बस, चार बोंबील तव्यावर भाज, वास जाऊ दे. डहाणूच्या वलांड्यांवर वाळलेल्या बोंबलाचा वास गोट्या ओळखणारच, तुझ्या आईने त्याला लहानपणापासून तेच चारलंय. पण ताटली भरून अंगणात ठेवून झोपू नकोस. कुत्री जमतील, आणि मग तो आहे तिथून बाहेरच पडणार नाही. कुणी सांगेल की त्याच्या वाळूचा डबा बाहेर ठेव, वासाने येईल. माझा त्यावर विश्वास नाही. त्याच वासाने गावातला बोका येतो आणि दारात ठाण मांडतो. त्यापेक्षा तू वापरलेली ओढणी पायरीवर टाक आणि खिडकी रात्री थोडी उघडी ठेव.

आता महत्त्वाचं. रात्री बॅटरी घेऊन दुसऱ्या पाड्यावर एकटीने जायचं नाही. गडचिंचले तुझ्या ऐकण्यात आहेच. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, मुलं पळवणारे फिरताहेत या अफवेपायी, जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या चालकाला जिवे मारलं. आपल्याच डहाणू तालुक्यात. मी चाळीस वर्षं या पाड्यांवर शिकवलं, कुणी उपाशी परत पाठवलं नाही, आणि तरी सांगतो की अफवेच्या रात्री ओळखीचं माणूससुद्धा ओळखलं जात नाही. तू इथे नवी आहेस. पोलीस पाटलांना दिवसाउजेडी सांगून ठेव, सरपंचबाईंच्या कानावर घाल. तुझ्या आशाताईंना सांग, त्यांना प्रत्येक घर माहीत असतं आणि त्यांच्या तोंडून गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळीकडे होते. कागद छापून खांबावर चिकटवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. फोटो मोबाईलवर दाखव, पण गोंडस चेहऱ्याचा नको. बाजूने उभा असलेला, शेपूट पूर्ण दिसणारा असू दे.

शेपटीचं सांगतो. रानाच्या कडेला रानमांजरही असतं. अंग मातकट, पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाला काळी वळी. पोरं धावत येतील, 'बाई, बांधावर मांजर बघितलं' म्हणून. त्यांना आधी शेपूट कशी होती ते विचार. गोट्याची लांब आणि पांढऱ्या टोकाची आहे, त्यामुळे गोंधळ व्हायचं कारण नाही. रानमांजराला पकडायला जाऊ नकोस, पोरांनाही जाऊ देऊ नकोस. त्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते चावतंही जोरात. दिवाळीची सुट्टी असल्याने पोरं दिवसभर मोकळी आहेत, गुरांमागे रानात जाणारीही आहेत. त्यांच्याइतकं बारीक बघणारं दुसरं कुणी नाही. पण 'पकडून आणा, पाचशे देते' असं कबूल करू नकोस. दहा पोरं त्याच्या मागे धावली की जवळच दबून बसलेलं मांजरही पाचशे मीटरच्या पलीकडे जाईल. 'बघा, तिथेच थांबा, एकाने मला बोलवायला या' एवढंच सांग आणि खाऊ सगळ्यांना सारखा वाट.

बिबट्याचं तू विचारलंस. असतो, नाही असं नाही. परवाच वाघबारस झाली, वाघदेवाला शेंदूर लागला, तो काही उगाच नाही. पण बिबट्याच्या भीतीने शोध सोडू नकोस आणि त्याच भीतीपायी अंधारात रानाच्या कडेला जाऊही नकोस. गावातली कुत्री आणि ससा-डुकरासाठी लावलेले फास यांची मला जास्त काळजी वाटते. फासात अडकलेला दिसला तर ओढू नकोस, वर गोणपाट टाक, डोकं झाक, मग तार काप.

सापडल्यावर कवेत घेण्याची घाई करू नकोस. घाबरलेला गोट्या तुलाही फाडेल. चावलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धू आणि लस घे. तूच दुसऱ्यांना रोज हे सांगतेस, स्वतःच्या वेळी 'आपलंच तर मांजर आहे' म्हणू नकोस. बरेच दिवस उपाशी असेल तर थोडं थोडं खायला दे. खातच नसेल तर मात्र वाट न बघता डॉक्टरकडे ने. जाड मांजर उपाशी राहिलं की यकृतावर येतं. नंतर महिनाभर दारं-खिडक्या बंद. आणि त्याची नसबंदी राहिली आहे, ती करून घे, नाहीतर फटाके नसतानाही तो जाईल.

या सगळ्यात लसीकरणाचा दिवस चुकवू नकोस. शोध पहाटे आणि रात्री असतो, मधला दिवस तुझ्या कामाचाच आहे, आणि त्या दिवशी अंगणात पन्नास आया जमतात. प्रत्येकीला फोटो दाखव.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. जाड बॅटरी आणि बोंबील घेऊन येतो, तू शेजारच्यांकडून शिडी मागून ठेव.

तुझा,
मामा