पहिल्याच आठवड्यात सगळं देऊ नकोस

अगं छोटी, तुझा मेसेज वाचला. नागपूरच्या मिहानमधल्या तुमच्या ऑफिसात पूरग्रस्तांसाठी एक दिवसाचा पगार कापून द्यायचं चाललंय आणि तू विचारतेस, "ताई, देऊ का?" दे. मनापासून दे. फक्त सगळं एकाच दिवशी देऊन मोकळी होऊ नकोस. का, ते जरा निवांत ऐक.

टीव्हीवर पाणी दिसतं तोवरच पैशांचा ओघ असतो. 2004 च्या त्सुनामीनंतर तर इतकं आलं की ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेनं थोड्याच दिवसांत जाहीर सांगितलं, त्सुनामीच्या नावानं आता पाठवू नका, आमच्या कामाला पुरेल एवढं जमलंय. आधी आलेले पैसे दुसऱ्या संकटात वापरू का, हेही त्यांनी देणाऱ्यांना विचारलं. असं सांगणाऱ्या संस्थेवर माझा विश्वास बसतो.

सप्टेंबर 2025 च्या पुराचंच बघ. सीना नदीनं सोलापूर-धाराशिवकडे काय केलं ते तू पाहिलंस. पीठ, तेल, साखरेची किटं लगेच पोचली, ती लागतातच. पण जिथं रानातली मातीच खरडून गेली, तिथं किट संपल्यावर खरी अडचण सुरू होते. गाळ आणून टाकायचा, विहीर उपसायची, गेलेल्या गाईच्या जागी दुसरी घ्यायची, पोराची कॉलेजची फी भरायची. हे सगळं पुढच्या जूनपर्यंत आणि त्याच्याही पुढे चालतं, तेव्हा कोणाच्या ग्रुपवर वर्गणी नसते. म्हणून म्हणते, निम्मे आत्ता दे, निम्मे पेरणीच्या वेळी.

असं काम किती लांबतं ते किल्लारीत दिसलं. लातूरकडच्या किल्लारीचा भूकंप झाला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. त्यानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली, बाकीच्या गावांत पडझड झालेली घरं जागच्या जागी दुरुस्त करायची ठरली. जागतिक बँकेच्या कर्जातून झालेलं ते काम कैक वर्षं चाललं. अनुदान हप्त्यानं मिळे. पहिल्या हप्त्यातलं काम किती झालं, भिंत नीट बांधली का, पुढचा हप्ता कधी, हे बायकांना कळावं म्हणून ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावातल्याच बायकांना संवाद सहायक केलं. पुढे 2001 मध्ये भूज हादरलं तेव्हा लातूरकडच्या याच बायका कच्छमध्ये गेल्या आणि तिथल्या बायकांना आपलं शिकलेलं सांगितलं. भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली होती. एका मुलाचं शिक्षण म्हणजे किती वर्षांचा खर्च, हिशेब कर.

तेव्हा वर्षभरानं एखादी संस्था म्हणाली की थोडे पैसे शिल्लक आहेत, तर लगेच संशय घेऊ नकोस. आयकर कायद्याप्रमाणे धर्मादाय संस्थेला सूट हवी तर वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के त्याच वर्षी कामावर लावावे लागतात. जास्त राखून ठेवायचे तर कशासाठी, हे आयकर खात्याला लिहून द्यावं लागतं, आणि तेही पाच वर्षांच्या मुदतीत. तू विचारायचं ते एवढंच, की कशासाठी राखलेत?

आता वाटपाची खरी गोम. सरकारी मदत सातबारा आणि पंचनामा बघून मिळते. सातबारा सासऱ्याच्या नावावर, कसते विधवा सून. शेत ठेक्याबटईनं केलेलं, म्हणून नुकसान कसणाऱ्याचं आणि मदत मालकाला. मजुराचं तर पीकच नाही, बुडाली ती मजुरी. आपल्या नागपुरात 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा सरकारनं घरटी दहा हजार जाहीर केले. कोऱ्या करकरीत नोटा वाटायच्या नसतात गं, पंचनामा होतो, आधार लागतं, बँक पासबुक लागतं. ज्याची ट्रंकच वाहून गेली, त्यानं काय दाखवायचं?

चांगली संस्था कामाला येते ती इथं. तिची माणसं तलाठ्याची यादी घेतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. घरोघर फिरतात, मग गावच्या पारावर यादी मोठ्यानं वाचतात. कोणी म्हणतं, हिचं नाव राहिलं. कोणी म्हणतं, त्याचं घर तर पुण्यात आहे, त्याला कशाला? भांडण होतं, ते होऊ द्यायचं असतं, कारण यादी तिथंच शुद्ध होते. या फिरणाऱ्या पोरांना पगार लागतो, पेट्रोल लागतं. म्हणून "ऑफिसखर्च किती टक्के" एवढ्यावरच संस्था तोलू नकोस. यादी कशी केली, ते विचार. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तुझे पैसे जपून ठेव.

व्हॉट्सअॅपवर फिरणारा क्यूआर कोड कोणाच्या वैयक्तिक नावावर निघाला तर पुढे जाऊच नकोस. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांकडून कलम 41 क खाली परवानगी घ्यावी लागते, गणेशोत्सवाची वर्गणी करणाऱ्या पोरांनाही हे ठाऊक असतं. नोंदलेली संस्था असेल तर नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल माग. आणि देणगीवरच्या करसवलतीवर जाऊ नकोस, नव्या करप्रणालीत ती तुला मिळणारच नाही.

तुमची कंपनीही काही घालणार आहे म्हणालीस. मग एचआरला विचार, ते सीएसआरमधून आहे का. मुख्यमंत्री सहाय्यता निधीला दिलेले पैसे सीएसआरमध्ये धरत नाहीत, संस्थेमार्फत केलेलं पुनर्वसन मात्र धरतात. तू मीटिंगमध्ये हात वर करून म्हण, किटांऐवजी दोन वर्षांचं काम धरू या, एकाच गावात. तुझ्यासारख्या नव्या मुलीनं बोललेलं चालतं, ऐकतातही.

आपल्या अमेरिकेतल्या आत्तेबहिणीलाही पैसे पाठवायचे असतील तर तिला सांग, घाईनं इकडच्या कुठल्याही संस्थेला डॉलर पाठवू नको. परदेशी देणगी घ्यायला एफसीआरएची नोंदणी लागते, आणि 2020 पासून एक संस्था ते पैसे दुसरीला देऊ शकत नाही. म्हणजे गावातल्या छोट्या मंडळापर्यंत ते मोठ्या संस्थेच्या हातून पोचणार नाहीत. तिनं थेट काम करणारीच नोंदणीकृत संस्था शोधायची.

तुझ्या मनात दोनतीन संस्थांची नावं असतील ती मला पाठव. रविवारी त्यांचे ताळेबंद आपण फोनवर सोबतच वाचू, आकडे कुठं बघायचे ते दाखवते.